रियाधच्या मजलिशीतील परका माणूस

१९४० सालच्या उन्हाळ्यात रियाध हे मातीच्या तटबंदीच्या आतले, मातीच्याच घरांचे शहर होते. तिथल्या राजवाड्यात राजे अब्दुल अझीझ, म्हणजे जगाला परिचित असलेले इब्न सौद, यांची मजलिस रोज भरत असे. दरबारातले लेखनिक रेडिओ ऐकून बातम्या उतरवून घेत आणि त्या राजांसमोर वाचल्या जात. लंडनची अरबी बातमीपत्रे १९३८ पासून सुरू झाली होती, इटलीचे बारी केंद्र त्याआधीपासून बोलत होते आणि बर्लिनही आता अरबीत गर्जत होते. एप्रिलमध्ये डेन्मार्क व नॉर्वेवर हल्ला झाला, मे महिन्यात हॉलंड आणि बेल्जियम कोसळले, १४ जूनला जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. हजारो मैल दूरचे हे युद्ध वाळवंटातल्या त्या दालनात कागदाच्या तुकड्यांवरून उलगडत होते. ऐकणाऱ्यांमध्ये अरबी पोशाखातले, दाढी राखलेले, ५५ वर्षांचे एक गृहस्थ बसलेले असत. त्यांचे नाव अब्दुल्ला. जन्माने मात्र ते इंग्रज होते, आणि बातम्यांमध्ये जो देश हरत असल्यासारखा भासत होता तो त्यांचाच होता. हॅरी सेंट जॉन ब्रिजर फिल्बी हे त्यांचे मूळ नाव.

फिल्बी यांचा जन्म ३ एप्रिल १८८५ रोजी सिलोनमधील बदुल्ला येथे झाला. वडील चहाच्या मळ्याचे मालक होते, पण त्या व्यवसायात त्यांचा जम बसला नाही. मुलाचे शिक्षण इंग्लंडमध्ये, वेस्टमिन्स्टर शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या आधारावर झाले. भाषांचा व्यासंग, वादाची हौस आणि आपलेच म्हणणे खरे मानण्याची वृत्ती हे तिन्ही गुण त्यांना विद्यार्थिदशेतच चिकटले. आय.सी.एस. परीक्षा उत्तीर्ण होऊन १९०८ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि पंजाबात रुजू झाले.

पंजाबातील वर्षांत त्यांनी उर्दू, पंजाबी आणि फारसी आत्मसात केली आणि अरबीचा अभ्यास सुरू केला. साम्राज्याच्या या नोकरीत राहून समाजवादी मते उघडपणे मांडणारा अधिकारी ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती, त्यामुळे वरिष्ठांशी त्यांचे फारसे पटले नाही. १९१० मध्ये डोरा जॉन्स्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १ जानेवारी १९१२ रोजी अंबाल्यात त्यांना मुलगा झाला. किपलिंगच्या कादंबरीतल्या मुलावरून घरात त्याला किम म्हणू लागले. या मुलाचे नाव पुढे बापाच्या नावापेक्षाही अधिक गाजायचे होते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा फिल्बी हिंदुस्थानात होते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश-हिंदी फौजांनी घेतलेल्या बसऱ्यात, सर पर्सी कॉक्स यांच्या हाताखाली जिंकलेल्या मुलखाचा महसुली कारभार लावण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले. जर्ट्रूड बेल याही तेव्हा त्याच कचेरीत काम करीत. १९१७ च्या नोव्हेंबरात नेज्दचे अमीर इब्न सौद यांच्याकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात फिल्बी यांची निवड झाली. आखाताच्या किनाऱ्यावरील उकैर बंदरातून ते रियाधला पोहोचले. तिथे भेटलेल्या उंचपुऱ्या, मनमोकळ्या अमिराने त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरवली.

त्या वेळी ब्रिटिश सरकारचा खरा भरवसा मक्केचे शरीफ हुसेन यांच्यावर होता. वाळवंटातून पश्चिमेकडे जाणारा मार्ग सुरक्षित नाही, असे शरीफ यांचे लोक सांगत. तो इब्न सौद यांच्या संरक्षणाखाली सुरक्षित आहे हे सिद्ध करण्यासाठी फिल्बी उंटावर बसून निघाले आणि एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतचे अंतर ४४ दिवसांत कापून जेद्दाला उतरले. शरीफ संतापले, लंडनही अस्वस्थ झाले. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने मात्र १९२० मध्ये त्यांना आपले मानाचे सुवर्णपदक दिले. नकाशात जिथे कोरी जागा होती तिथे विहिरी, डोंगर आणि वस्त्यांची नावे भरणारा हा माणूस प्रवासात रोजची नोंद कधी चुकवत नसे.

युद्धानंतर ब्रिटनने अरबांना दिलेली स्वातंत्र्याची वचने पाळली नाहीत, अशी फिल्बी यांची ठाम धारणा झाली. इराकमध्ये फैसल यांना राजा करण्याच्या धोरणाला विरोध केल्यामुळे त्यांना बगदाद सोडावे लागले. १९२१ च्या अखेरीस टी. ई. लॉरेन्स यांच्या जागी ते ट्रान्सजॉर्डनमध्ये प्रमुख ब्रिटिश प्रतिनिधी झाले. तिथेही वरिष्ठांशी खटके उडाले आणि १९२४ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

त्याच वर्षी, अधिकारपद मागे पडल्यावर, त्यांनी एका युद्धाचे अगदी जवळून दर्शन घेतले. ऑक्टोबर १९२४ मध्ये इब्न सौद यांच्या फौजा मक्केत शिरल्या आणि हाशमी घराण्याच्या हाती जेद्दा हे मुख्य बंदर उरले. शहराभोवती तट होता, आत यात्रेकरू व व्यापारी अडकले होते, आणि निरनिराळ्या देशांच्या वकिलाती तटस्थतेचे निशाण उभारून बसल्या होत्या. दोन्ही बाजू आपल्याला ओळखतात, तेव्हा समेट घडवता येईल, या विश्वासाने फिल्बी जेद्दामध्ये दाखल झाले. ब्रिटिश सरकारने त्यांच्या या खटपटीशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. समेट झाला नाही. फिल्बी आजारी पडले आणि त्यांना एडनला जावे लागले. डिसेंबर १९२५ मध्ये जेद्दा पडले व हेजाझही इब्न सौद यांच्या हाती आला. आपल्या शब्दाला सगळीकडे वजन आहे असे मानणाऱ्या माणसाला तटबंद शहराने पहिला धडा दिला होता. तो त्यांनी घेतला नाही.

१९२६ मध्ये फिल्बी व्यापारी म्हणून जेद्दामध्ये स्थायिक झाले. शर्किये या कंपनीमार्फत ते फोर्ड मोटारी आणि इतर यंत्रसामग्री विकू लागले. उंटांच्या देशात मोटार आणणाऱ्यांपैकी ते एक होते, तरी त्यांची स्वतःची ओढ उंटाच्या पाठीकडेच राहिली. ऑगस्ट १९३० मध्ये त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि राजांनी त्यांना अब्दुल्ला हे नाव दिले. धर्मांतरामागे श्रद्धा किती आणि सोय किती, हा वाद त्यांच्या मित्रांमध्येही अखेरपर्यंत चालला. एवढे खरे की त्यामुळे मक्केची दारे उघडली, राजांच्या मजलिशीत कायमची जागा मिळाली आणि अरबस्तानात मनसोक्त हिंडण्याची परवानगी हाती आली.

रुब अल-खाली हे दक्षिणेचे अथांग वाळवंट सर्वप्रथम ओलांडण्याचे त्यांचे स्वप्न होते. राजांची परवानगी मिळण्यास उशीर झाला आणि १९३१ च्या आरंभी बर्ट्रम थॉमस या इंग्रज प्रवाशाने तो मान पटकावला. बातमी ऐकून फिल्बी कित्येक दिवस खोलीबाहेर आले नाहीत. १९३२ मध्ये त्यांनी थॉमसपेक्षा कितीतरी कठीण वाटेने तोच प्रदेश पार केला. दंतकथेतल्या वबार नगरीचे अवशेष शोधायला गेलेल्या या प्रवाशाला तिथे उल्कापाताने पडलेले खड्डे सापडले. पक्ष्यांचे नमुनेही ते नेमाने गोळा करून लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवत. अरबस्तानच्या डोंगरांत आढळणाऱ्या एका सुतारपक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांच्या पत्नीचे, डोरा यांचे नाव आहे, आणि एका तित्तिराच्या नावात त्यांचे स्वतःचे.

२९ मे १९३३ रोजी जेद्दामध्ये सौदी अरेबियाचा पहिला मोठा तेलकरार झाला. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने ब्रिटिशांचा वरचष्मा असलेल्या इराक पेट्रोलियम कंपनीला मागे टाकून हा करार मिळवला. पहिला हप्ता ३५,००० सोन्याच्या नाण्यांचा होता. फिल्बी राजांच्या बाजूने सल्ला देत होते, त्याच वेळी अमेरिकन कंपनीकडून मानधनही घेत होते, आणि इराक पेट्रोलियमचा प्रतिनिधी त्यांना आपला हितचिंतक समजत होता. राजांच्या तिजोरीचा यात फायदाच झाला, पण फिल्बी नेमके कोणाचे, हा प्रश्न लंडनमध्ये त्यानंतर अधिक तीव्रतेने विचारला जाऊ लागला. १९३६ मध्ये राजांच्या वतीने येमेनच्या सीमेची पाहणी करताना ते पुढे हद्रमौतमध्ये, ब्रिटिशांच्या प्रभावक्षेत्रात घुसले, तेव्हा एडनच्या अधिकाऱ्यांच्या मनातला संशय पक्का झाला.

मार्च १९३८ मध्ये दम्माम येथील सातव्या विहिरीत तेल मुबलक प्रमाणात लागले. १ मे १९३९ रोजी रास तनुरा येथे राजांच्या हस्ते झडप उघडली आणि तेलाचे पहिले जहाज भरले. चारच महिन्यांनी युरोपात युद्ध पेटले.

त्या उन्हाळ्यात फिल्बी इंग्लंडमध्ये होते. युद्ध टाळलेच पाहिजे, या मतासाठी त्यांनी हाइथ मतदारसंघातील पोटनिवडणूक ब्रिटिश पीपल्स पार्टीच्या तिकिटावर लढवली. या पक्षात हिटलरविषयी सहानुभूती बाळगणारी माणसे होती. फिल्बी स्वतःला समाजवादी म्हणवत, तरी ज्यांच्या पंक्तीला आपण बसतो आहोत त्यांच्याकडे पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही. २० जुलै १९३९ रोजी मतदान झाले. त्यांना ५७६ मते पडली आणि अनामत रक्कम जप्त झाली. दीड महिन्यानंतर, ३ सप्टेंबरला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले.

युद्धाच्या धामधुमीतच त्यांनी आणखी एक बेत रचला. पॅलेस्टाइन ज्यूंना द्यावे, तिथल्या अरबांचे पुनर्वसन करावे, त्यासाठी २ कोटी पौंड इब्न सौद यांच्या हाती ठेवावेत आणि उरलेले अरब देश स्वतंत्र व्हावेत, असा तो प्रस्ताव होता. ज्यू नेते चाइम वाइझमन यांच्याशी त्यांची लंडनमध्ये बोलणी झाली. जानेवारी १९४० मध्ये रियाधला परतून त्यांनी हा बेत राजांच्या कानावर घातला. राजांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. याविषयी कोणाकडे अवाक्षर काढू नये एवढेच बजावले. राजांचे मौन म्हणजे अर्धी संमती, असा अर्थ फिल्बी यांनी लावला. तीन वर्षांनी राजांनी तो प्रस्ताव संतापाने झिडकारला तेव्हा त्या मौनाचा खरा अर्थ उघड झाला.

रियाधमधल्या त्या महिन्यांत राजांची आणि त्यांच्या इंग्रज मित्राची वागण्याची तऱ्हा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. राजांवरचे संकट खरे होते. हज यात्रेकरूंच्या येण्यावर राज्याची तिजोरी चालत असे. युद्धामुळे मुंबईहून आणि पूर्वेकडून येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या घटली. धान्य समुद्रमार्गे येत असे आणि समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात होता. १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली तेव्हा तांबड्या समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा इरिट्रिया एकाएकी शत्रुप्रदेश बनला आणि युद्ध जेद्दाच्या दारात आले. राजांचा दूत १९३९ च्या जूनमध्ये हिटलरला भेटून आला होता, आणि ब्रिटनशी जुनी मैत्रीही टिकून होती. राजे सगळी रेडिओ केंद्रे ऐकत, सगळ्यांच्या वकिलांना भेटत आणि मनातले मनात ठेवत.

फिल्बी मनातले बोलत. ब्रिटन हे युद्ध जिंकू शकत नाही, त्याने तडजोड करावी, हे युद्ध मुळात व्हायलाच नको होते, हे ते मजलिशीत, जेवणाच्या पंगतीत, भेटेल त्याच्यापाशी सांगत राहिले. फ्रान्स पडल्यावर तर आपले भाकीत खरे ठरले असे त्यांना वाटले. लंडनमधल्या घरच्या दिवाणखान्यात हे मत वाद म्हणून खपले असते. तटस्थ राजाच्या दरबारात, राजाच्या निकटच्या इंग्रजाच्या तोंडून ते बाहेर पडले की त्याची बातमी होत असे. जेद्दातील ब्रिटिश वकिलातीकडून या बातम्या लंडनला पोहोचत होत्या. राजांनाही हा मित्र आता अवघड वाटू लागला. त्यांनी फिल्बी यांच्या मतांपासून आपण दूर असल्याचे ब्रिटिशांना कळवले. परक्या भूमीवर राहून आपल्या देशाबद्दल मोकळेपणाने बोलता येते, हा फिल्बी यांचा समज होता. प्रत्यक्षात यजमानाची तटस्थता पाहुण्याच्या शब्दांनी मोजली जात होती.

आपले विचार अमेरिकेत जाऊन व्याख्यानांतून मांडायचे ठरवून फिल्बी जुलैमध्ये रियाधहून निघाले. युरोपमार्गे जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी पूर्वेची वाट धरली. ऑगस्ट १९४० च्या आरंभी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागताच त्यांना अटक झाली. ज्या सरकारच्या नोकरीत त्यांनी ३२ वर्षांपूर्वी पाऊल टाकले होते, त्याच सरकारच्या युद्धकालीन कायद्याने त्यांना स्थानबद्ध केले आणि जहाजाने इंग्लंडला पाठवले. तिथे खटल्याविना कैदेत ठेवण्याची मुभा देणाऱ्या १८ ब या नियमाखाली त्यांची रवानगी बंदिवासात झाली.

ते कैदेत असतानाच युद्ध सौदी भूमीवर येऊन गेले. १९ ऑक्टोबर १९४० रोजी इटालियन विमानांनी ऱ्होड्स बेटावरून झेप घेतली. लक्ष्य होते बहरीनचा तेलशुद्धीकरण कारखाना. काही बाँब मात्र धहरानमधल्या अमेरिकन तेल वसाहतीजवळ पडले आणि विमाने अरबस्तान ओलांडून इरिट्रियात उतरली. नुकसान किरकोळ होते, प्राणहानी झाली नाही. पण युद्धापासून दूर, वाळवंटात नोकरी करायला आलेल्या कुटुंबांची झोप उडाली. पुढच्या काळात बायकामुलांना मायदेशी धाडण्यात आले, काम आखडते घेतले गेले आणि सुमारे शंभर अमेरिकन माणसे विहिरी राखत मागे राहिली. फिल्बी यांच्या मदतीने ज्या कंपनीला हा मुलूख खुला झाला होता, तिच्या माणसांनीही परक्या देशात युद्ध येते कसे, हे असे अनुभवले.

फिल्बी यांच्या प्रकरणाची चौकशी समितीपुढे झाली. हा माणूस हट्टी आहे, वाचाळ आहे, पण देशद्रोही नाही, अशा निष्कर्षाला समिती आली आणि मार्च १९४१ मध्ये, सुमारे सात महिन्यांच्या बंदिवासानंतर त्यांची सुटका झाली. याच काळातील एक गोष्ट पुढे वीस-बावीस वर्षांनी जगासमोर आली. बाप तोंडाळपणापायी पकडला गेला त्याच उन्हाळ्यात मुलगा किम ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यात रुजू झाला होता. तो शांत, मिठ्ठास आणि मोजके बोलणारा होता. १९३४ पासून तो सोव्हिएत रशियासाठी काम करीत होता. मोठ्याने बोलणाऱ्या फिल्बीवर सरकारची नजर होती, आणि गप्प राहणाऱ्या फिल्बीला त्याने आपल्या घरात घेतले.

युद्ध संपेपर्यंत फिल्बी इंग्लंडमध्येच राहिले. ते मायदेशी होते, पण तिथे त्यांना परके वाटत होते. दरम्यान सौदी अरेबियाने १९४५ मध्ये, निकाल स्पष्ट झाल्यावर, जर्मनी आणि जपानविरुद्ध युद्ध जाहीर केले. त्याच वर्षी फिल्बी परतले. राजांनी जुने काही मनात न ठेवता त्यांचे स्वागत केले, रियाधमध्ये घर दिले. तिथे त्यांनी दुसरा संसार मांडला. १९५१-५२ मध्ये बेल्जियन विद्वानांसह केलेल्या मोहिमेत त्यांनी दक्षिण-पश्चिम अरबस्तानातील खडकांवरचे हजारो प्राचीन शिलालेख नोंदवले. इस्लामपूर्व अरबस्तानच्या अभ्यासाला त्या नोंदींचा आधार आजही आहे.

९ नोव्हेंबर १९५३ रोजी राजे अब्दुल अझीझ यांचे निधन झाले. तेलाच्या पैशाने दरबारात आलेली उधळपट्टी आणि भ्रष्टाचार यांवर फिल्बी यांनी जाहीर टीका सुरू केली. या वेळी त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण समजून घेणारा जुना मित्र उरला नव्हता. १९५५ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि ते बैरूतला गेले. जेद्दा, लंडन, रियाध अशा एकामागून एक ठिकाणी हीच कथा घडली होती: जिथे राहावे तिथल्या सत्तेला तिचे दोष सांगावेत आणि ते सांगण्याचा हक्क आपल्याला असल्याचे गृहीत धरावे. पुढे समेट होऊन त्यांना परतण्याची परवानगी मिळाली.

ऑगस्ट १९६० मध्ये मॉस्कोतील प्राच्यविद्या परिषदेला ते हजर राहिले. परतताना बैरूतमध्ये किमकडे थांबले असता ३० सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. तिथल्याच मुस्लिम दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. थडग्यावर मुलाने त्यांची ओळख कोरली ती अरबस्तानचे सर्वांत थोर शोधक अशी. तीन वर्षांच्या आत किम स्वतः बैरूतमधून नाहीसा झाला आणि मॉस्कोत प्रकटला.

फिल्बी यांच्या राजकीय भाकितांपैकी फार थोडी खरी ठरली. ब्रिटन हरले नाही, त्यांचा पॅलेस्टाइनचा बेत कागदावरच राहिला. त्यांनी मोजलेल्या वाटा, नोंदवलेल्या विहिरी आणि उतरवून घेतलेले शिलालेख मात्र अचूक निघाले. जिथे पायी वा उंटावरून जाऊन त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तिथे ते चुकले नाहीत. जिथे दूर बसून, रेडिओवर ऐकून आपल्या देशाचे भवितव्य सांगितले, तिथे ते फसले. १९४० च्या त्या मजलिशीत दोन माणसे एकाच बातम्या ऐकत होती. एकाने त्या ऐकून आपले राज्य सांभाळले. दुसऱ्याला त्या बातम्यांवर गप्प राहता आले नाही, आणि त्या वर्षी त्याचे दोन्ही देश त्याला दुरावले.